भिंतीवरचे बाबा

बाबा भिंतीवर दिसायला लागले त्याच्या आठवडाभर आधी मी त्यांच्या गळ्यातली फुलं रंगवली होती. तेव्हा तो गळा कुणाचा आहे हे मला ठाऊक नव्हतं.

भोपाळला बरखेड्यात, आमच्या जुन्या क्वार्टरच्या मागे कारखान्याच्या वसाहतीची लांबच लांब भिंत आहे. तिच्या कडेने पूर्वी कच्ची पायवाट होती. आता तिथे ट्रॅक झाला आहे, अर्धा चालणाऱ्यांसाठी आणि अर्धा सायकलवाल्यांसाठी. सायकलवाल्यांच्या अर्ध्यात लोक बिनदिक्कत स्कूटर घालतात आणि चालणाऱ्यांच्या अर्ध्यात गायी बसतात. भिंतीवर गुटख्याच्या पिचकाऱ्या इतक्या होत्या की मूळ रंग कोणता ते सांगता आलं नसतं. म्हणून वसाहतीच्या समितीने ठरवलं, भिंत रंगवायची, आणि ती इथल्या लोकांनीच रंगवायची.

समितीत सगळ्यात पुढे होते ते बाबांचे एक जुने सहकारी. मी त्यांना काका म्हणते. मूळचे नागपूरचे. चाळीसएक वर्षं भोपाळमध्ये काढूनही त्यांचं 'करून राहिलो, बोलून राहिलो' गेलेलं नाही. त्यांनीच मला फोन केला होता. "दिवसभर कम्प्युटरसमोर बसून राहते तू. रविवारी ये न भिंतीवर. रंग भरायचा आहे फक्त, भाषण नाही द्यायचं."

मी गेले, कारण खरंच भाषण द्यायचं नव्हतं. कॉलेजची काही मुलंमुली खडूने भिंतीवर चौकटी आखायची, मोबाइलमधला फोटो बघून बाह्यरेषा काढायची आणि प्रत्येक तुकड्यात एक आकडा लिहायची. आकडा म्हणजे रंगाचा डबा. आपण आपला तुकडा भरायचा. शेजारी कोण आहे, तो काय भरतोय, याच्याशी संबंध नाही. कुणी काही विचारलंच तर भिंतीकडे तोंड करून उत्तर देता येतं. मला अशी कामं आवडतात. शाळेपासून मी वर्गात दुसऱ्या रांगेत भिंतीकडच्या बाजूला बसत आले.

मला मिळाला होता तो तुकडा झेंडूच्या गोल गोल फुलांचा होता. डबा केशरी. मी डब्यात थोडा पिवळा आणि थोडा लाल मिसळून प्रत्येक फुलाला आतून गडद आणि कडेला फिकं केलं. मुख्य चित्रकार मुलगी मागे उभी राहून म्हणाली, "दीदी, आप तो एकदम असली गेंदा बना रही हो." मला बरं वाटलं. फुलांच्या वर तेव्हा नुसती कोरी जागा होती. चेहरे ती स्वतः सगळ्यात शेवटी करणार होती.

पुढच्या रविवारी गेले तेव्हा चेहरे झाले होते. भिंतीच्या त्या भागावर हिंदीत मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'जिन्होंने यह बस्ती बनाई'. खाली कारखान्यातून निवृत्त झालेले पाच जण. एक लेथ मशीनवर वाकलेला, एक वेल्डिंगचा चष्मा कपाळावर सरकवलेला, एक क्रेनच्या केबिनमध्ये, एक डबा उघडून जेवायला बसलेला. पाचवे माझे बाबा. फिकट निळा शर्ट, कपाळाला कुंकवाचा लांब टिळा, गळ्यात झेंडूचा जाड हार. माझा हार.

फोटो कुठला ते मला लगेच कळलं. फेअरवेलचा. बाबांना फोटो काढून घ्यायचा मनस्वी कंटाळा, म्हणून कारखान्यातला त्यांचा दुसरा फोटो कुणाकडे असणं शक्यच नव्हतं. दोन वर्षांपूर्वी शेवटच्या दिवशी त्यांच्या खात्याच्या लोकांनी त्यांना खुर्चीवर बसवून टिळा लावला, हार घातला, शाल दिली, आणि तेव्हा कुणीतरी मोबाइलवर टिपलेला तो फोटो. चित्रकार मुलीने तो जसाच्या तसा उतरवला होता. तिची काही चूक नव्हती. पण चार माणसं कामात नाहीतर जेवणात गुंतलेली आणि पाचवा समोर बघत, टिळा लावून, हार घालून गप्प बसलेला. असा फोटो आपल्याकडे कोणत्या माणसाचा असतो हे लहान मूलसुद्धा सांगेल.

आणि बाबा तर तेव्हा घरी, आनंद नगरला, पलंगावर भिंतीकडे तोंड करून झोपलेले असायचे.

निवृत्तीनंतर क्वार्टर सोडून आम्ही आनंद नगरच्या घरात राहायला आलो. घर आपलं, वरती गच्ची, पुढे आईच्या तुळशीपुरती जागा. पण कारखान्याचा भोंगा तिथे नीट ऐकू येत नाही. वाऱ्यावर अवलंबून असतं. सुरुवातीला बाबा सकाळी गच्चीवर जाऊन उभे राहायचे, ऐकू येतो का बघायला. मग ते सोडून दिलं. मागच्या वर्षी त्यांना कावीळ झाली. ती बरी झाली, पण अंग भरून आलं नाही. गाल आत गेले, दाढी वाढली, ती पांढरी निघाली. डॉक्टरांनी त्यांच्या उरलेल्या आजाराला एक इंग्रजी नाव दिलं. आई म्हणते, "मन लागत नाही त्यांचं." मला दोन्ही भाषा येतात, पण आईचं निदान जास्त बरोबर वाटतं.

औषधांच्या जोडीला डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं. गल्लीत चालायला बाबा तयार नव्हते. आई म्हणाली, "जुन्या ठिकाणी ने त्यांना. तिथे पाय आपोआप चालतील." जुनं ठिकाण म्हणजे तोच ट्रॅक. भिंतीवरचा चेहरा मी बघितला त्याच आठवड्यात हे ठरलं.

मी काकांकडे गेले. जाताना रस्त्याने सगळी वाक्यं जुळवत होते, आणि पोहोचल्यावर त्यातलं एकच निघालं. "काका, तो हार काढता येईल का?"

"कोणता हार?"

"बाबांच्या गळ्यातला."

"अगं, तो सत्काराचा हार आहे न! मीच घातला होता, या हातांनी. हार काढून टाकू तर मग राहते काय त्या फोटोत?" ते हसले. "सरप्राइज द्यायचं होतं तुम्हाला. आण न त्याला. बघ कसा खूश होते ते."

"लोकांना वाटेल की..."

"काय वाटेल?"

मला तो शब्द बाबांबद्दल उच्चारता आला नाही. मी म्हटलं, "काही नाही." काका म्हणाले की समितीचे बाकीचे लोक मार्चमध्ये बघायला येणार आहेत, तोवर काही खोडायचं नाही, आणि काकूला हाक मारून त्यांनी माझ्यासाठी चहा ठेवायला सांगितला.

मला वाटत होतं ते लोकांनाही वाटलंच. काही दिवसांतच भिंतीखाली, बाबांच्या समोर, कुणीतरी दोन जास्वंदी ठेवल्या. मग विटांच्या फटीत उदबत्तीची काडी दिसली, जळून संपलेली. सकाळी फिरायला येणाऱ्या बायका तिथून जाताना उजवा हात छातीला आणि मग कपाळाला लावायच्या, देवळावरून जाताना लावतात तसा. बाकीच्या चौघांना कुणी काही करत नव्हतं. ते जिवंत दिसत होते. त्यांच्यातला वेल्डर खरं तर तीन वर्षांपूर्वीच गेला आहे.

बाबांना मी स्कूटीवर घेऊन जायचे. ट्रॅक भिंतीच्या पुढेही बराच लांब गेला आहे आणि भिंत त्याच्या एका टोकाला, म्हणून मी गाडी दुसऱ्या टोकाला लावायचे. सुरुवातीला ते पहिल्या बाकापर्यंत जायचे आणि बसायचे. त्यांच्या डोक्याला लोकरी टोपी, गळ्यात मफलर, हातात आईने दिलेली पाण्याची बाटली. ओळखीची माणसं समोरून यायची आणि बाजूने निघून जायची. एकदा त्यांच्याच खात्यातला एक जण अगदी जवळून गेला. बाबांनी मान वर केली, तो फोनवर बोलत होता. बाबांनी मान खाली घातली. मी बाटलीचं झाकण उघडून दिलं. त्यांना तहान नव्हती.

पण ते चालत होते. बाकाच्या पुढे दुधाच्या बूथपर्यंत. मग पाण्याच्या टाकीपर्यंत. एक दिवस टाकीपाशी न थांबता ते छोट्या पुलावर जाऊन उभे राहिले आणि खालच्या नाल्याकडे बघत म्हणाले, "इथे आधी पाणी स्वच्छ असायचं. मासे असायचे." किती महिन्यांनी ते विचारल्याशिवाय काही बोलले होते. आईला मी घरी जाऊन हे सांगितलं, तर ती पोळी लाटता लाटता थांबली आणि मला पुन्हा सांगायला लावलं. "मासे म्हणाले?"

"हो."

त्या दिवशी तिने शिरा केला.

माझ्यासाठी मात्र त्यांचं प्रत्येक पाऊल भिंतीच्या दिशेने होतं. पुलाच्या पलीकडे ट्रॅक वळतो आणि वळणानंतर भिंत सुरू होते. ते जेवढे बरे होत होते, तेवढे जवळ येत होते. मी पुलावर कारणं काढायचे. ऊन वाढलं. मला मीटिंग आहे. गाडीत पेट्रोल कमी आहे. पेट्रोलचा आणि चालण्याचा काय संबंध, असं ते पूर्वीचे बाबा असते तर म्हणाले असते. हे बाबा मुकाट्याने वळायचे. कधी कधी वाटायचं, आज वळायला नाही म्हणावं त्यांनी. मग वाटायचं, नको.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी त्यांनी नाही म्हटलं.

"बाबा, चला, ऊन लागेल."

"कुठे आहे ऊन?" खरंच नव्हतं. ढग होते. "आपल्या क्वार्टरपर्यंत जाऊन येऊ. कोण राहतं आता बघू."

ते पुढे निघाले. मी मागे राहिले, मग धावत जाऊन बरोबर झाले. वळणावर मी त्यांच्या आणि भिंतीच्या मध्ये चालायचा प्रयत्न केला. मी त्यांच्यापेक्षा बुटकी आहे.

आधी त्यांनी लेथवाल्याला ओळखलं. थांबले. वेल्डरला बघून चक्क हसले. "अरे! चष्मा बघ त्याचा. असाच ठेवायचा तो कपाळावर. किती वेळा ओरडलो असेन." मग त्यांची नजर पुढे सरकली.

ते स्वतःसमोर उभे राहिले. टोपी, मफलर, पांढरी दाढी. भिंतीवरचा माणूस गुळगुळीत दाढी केलेला, भरल्या गालांचा, माझ्या झेंडूंच्या हारात. खाली सुकलेली फुलं, वाऱ्याने एकीकडे गोळा झालेली.

तेवढ्यात ट्रॅकवरून एक बाई आल्या. साठीच्या असतील, साडीवर स्वेटर, पायात कॅनव्हासचे बूट. बाबांच्या शेजारी थांबून त्यांनी भिंतीला हात जोडले. मग, चालणारे लोक एकमेकांशी बोलतात तसं सहज म्हणाल्या, "आप जानते थे इनको?"

बाबा म्हणाले, "हाँ."

"हमारे मिस्टर के साथ थे, कारख़ाने में, एक ही शॉप में. बड़े भले आदमी थे, कहते हैं. किसी से ऊँची आवाज़ में बात नहीं की."

मघाशी बाबांनीच सांगितलं होतं की ते वेल्डरवर किती ओरडायचे. मला वाटलं आता ते हे सांगतील. टोपी काढतील. मीही बोलू शकले असते. एक वाक्य पुरलं असतं, 'आंटी, यही हैं.' माझं तोंड उघडलंही होतं.

बाबा म्हणाले, "हाँ, थे."

बाई मान हलवून पुढे गेल्या. बुटांचा आवाज वळणापर्यंत येत राहिला.

बाबा म्हणाले, "हार जड होता तो." मग, "घरी आणलाच नव्हता मी."

"हो. आई म्हणाली होती. शाल आणली, हार नाही."

"माझ्या मशीनला घालून आलो होतो. दसऱ्याला घालायचो तसा." ते अजून चित्राकडेच बघत होते. "नंतर ती भंगारात काढली म्हणे."

क्वार्टर बघायचं राहिलं. आम्ही परत फिरलो. पुलावर ते थांबले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी चावी घेऊन दाराशी उभी राहिले, तर ते पलंगावर भिंतीकडे तोंड करून झोपले होते. आई म्हणाली, "बाटली भरली आहे." ते म्हणाले, "आज नको." त्यानंतर आईने काही दिवस बाटली भरली आणि मग भरणं बंद केलं. तिला मी सगळं सांगितलं होतं. ती रडली नाही. तिने एवढंच विचारलं, "तू रंगवलास तो हार?" मी हो म्हटलं. "चांगला झालाय का?" मी पुन्हा हो म्हटलं, कारण तो चांगलाच झाला होता.

भिंतीखाली लोक फुलं ठेवतात हे काकांना कुणाकडून तरी कळलं आणि ते पेढे घेऊन घरी आले. दारातूनच ओरडले, "काय राजे! जिवंतपणी मेल्याची बातमी उठली की माणसाचं आयुष्य वाढते, माहीत आहे न? पार्टी पाहिजे आता!"

बाबा पलंगावर उठून बसले. "किती?" त्यांनी विचारलं.

"काय किती?"

"किती वाढतं?"

काकांचा हात पेढ्याच्या खोक्यावरच राहिला. आई चहा टाकते म्हणून आत गेली. काका मग बराच वेळ कारखान्याच्या गोष्टी सांगत बसले, कोण कुठल्या मुलाकडे पुण्याला गेला, कोणाचे गुडघे बदलले. बाबा ऐकत होते की नाही ते कळत नव्हतं. निघताना काका चपला घालत हळूच मला म्हणाले, "पुसून टाक तो हार. कुणी काही बोललं तर माझं नाव सांग." त्यांचा चेहरा उतरला होता. मला त्यांचा राग धरता आला नाही. त्यांनी तो हार दोनदा प्रेमानेच घातला होता.

मी निळ्या रंगाचा उरलेला डबा शोधून आणला. त्यात साय धरली होती. ढवळून, पाणी घालून मी एकेक फूल पुसत गेले. केशरीवर निळा बसत नाही. खालून मातकट डाग वर येत राहतो. दोन हात दिले, वाळल्यावर तिसरा. शेवटी बाबांच्या छातीवर शर्टाचा निळा आणि माझा निळा असे दोन वेगळे रंग झाले आणि नीट पाहिलं तर फुलांचे गोल अजून दिसत होते, भिंतीतून फुगून आल्यासारखे. टिळाही पुसला. कपाळ थोडं सावळं झालं. तरी लांबून बघितलं तर जिवंत माणूस दिसत होता.

घरी येऊन मी बाबांना सांगितलं, "हार पुसला मी."

त्या संध्याकाळी बाथरूममधून पाण्याचा बराच वेळ आवाज आला, आणि बाहेर आले तेव्हा दाढी नव्हती. हनुवटीवर दोन ठिकाणी कापलं होतं. आईने कापूस दिला. आम्ही दोघींनी ते कसे दिसतात याबद्दल अवाक्षर काढलं नाही. घाबरलो होतो, बोललो तर ते परत दाढी वाढवतील.

पुढच्या सोमवारी काम लवकर आटोपलं म्हणून मी एकटीच ट्रॅकवर गेले. वळण घेतलं आणि थांबले.

बाबांच्या गळ्यात हार होता. खरा. ताज्या झेंडूचा, मध्ये मध्ये आंब्याची पानं. कुणीतरी बरोबर मानेच्या दोन्ही बाजूंना दोन खिळे ठोकून टांगला होता. चित्रातला हार कुणीतरी पुसला, एवढंच त्या माणसाला दिसलं असणार. त्याला ते बरं वाटलं नसणार. मृत माणसाचा हार कुणी असा काढून घेतं का?

मी इकडेतिकडे पाहिलं आणि हार उतरवला. तो हातात घेऊन किती तरी वेळ उभी होते. घरी नेता येत नव्हता. कचऱ्यात टाकता येत नव्हता. शेवटी पुलाजवळच्या पिंपळाच्या बुंध्याशी ठेवला. दुसऱ्या दिवशी बाबांच्या जुन्या हत्यारांच्या पेटीतून पक्कड नेली आणि खिळे उपटले. प्लास्टर कच्चं होतं. खिळ्यांबरोबर त्याचे पोपडे निघाले आणि मानेला दोन भोकं पडली. आठवडा झाला नसेल, भोकांच्या शेजारी नवे खिळे आले. ते कोण ठोकतं ते मला अजून कळलेलं नाही. कळलं तरी त्या माणसाला मी काय सांगणार? त्या बाईंना सांगता आलं नाही.

मग एका सकाळी बाबा माझ्या खोलीच्या दाराशी येऊन उभे राहिले. पायात बूट होते. "पुलापर्यंत जाऊ या का?"

"जाऊ या," मी म्हटलं.

तेव्हापासून आम्ही रोज जातो. ते पुलापर्यंत येतात, कठड्याला हात टेकून नाल्याकडे बघतात आणि परत फिरतात. वळणाच्या पुढे काय आहे ते विचारत नाहीत. पण एके दिवशी विचारतील, किंवा न विचारता चालू लागतील, हे मला माहीत आहे. त्या दिवशी मी त्यांना ऊन लागेल म्हणणार नाही.

म्हणून त्यांना न्यायच्या आधी मी एकदा एकटी जाऊन येते. बहुतेक वेळा खिळे रिकामे असतात. कधी नसतात. मग मी हार काढते, पिंपळाशी ठेवते, हाताला लागलेला झेंडूचा केशरी रंग ओढणीला पुसते आणि परतताना बूथवरून दुधाची पिशवी घेते.

"एवढ्या लवकर कुठे गेली होतीस?" बाबा विचारतात.

"दूध आणायला."

ते पिशवीकडे बघतात, मग माझ्या हाताकडे, आणि बुटांच्या नाड्या बांधायला खाली वाकतात.